झाकणाच्या आतली बाजू

ब्लेड आडवं धरून ती रंगाचे पापुद्रे काढत होती. वर हिरवा, हिरव्याखाली राखाडी, राखाडीखाली पुन्हा हिरवा. ज्याच्या हाती जो डबा लागला तो त्याने फासलेला. सगळ्यात खालचा तपकिरी थर निघाला, तेव्हा तिने थिनरचं फडकं दोनदा फिरवलं आणि धातूत ठोकलेले आकडे दिसू लागले. आधी एक सात, मग तिरपी रेघ, मग आणखी चार.

"सापडला," ती म्हणाली.

स्टुलावर बसलेल्या काकूंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "म्हणजे चांगलं का?"

"चांगलंच. नंबर मिळाला की वय कळतं."

समोर उभं होतं ते धूळ ओढायचं मोठं मशीन, कारखान्यात वापरायचा व्हॅक्यूम. कमरेएवढा पत्र्याचा ड्रम, खाली तीन चाकं, वर जाडजूड झाकण आणि त्या झाकणातच बसवलेली मोटार. पाइप जोडायच्या तोंडाला पितळेचं कडं. आजकालच्या प्लॅस्टिकच्या मशीनशेजारी ठेवलं तर ते त्यांचे आजोबा वाटेल, आणि आजोबांसारखंच जागचं हलायलाही तयार नव्हतं. टेम्पोतून उतरवायला तीन माणसं लागली.

वस्तीत सगळे तिला मोटारबाई म्हणत. जळलेल्या मोटारींच्या आतल्या तारा काढून नव्या भरायच्या, हा तिचा धंदा. तो तिच्या वडिलांचा, आणि दुकानही त्यांचंच. पन्नाशी ओलांडली तरी गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री नाहीत का?" आणि ती म्हणायची, "मीच मिस्त्री. बोला."

तिने वडिलांच्या खणातून जुन्या यंत्रांचं फाटकं पुस्तक काढलं. झाकणाला तीन चिमटे, आत एकामागे एक दोन पंखे, सातने सुरू होणारा नंबर. चाळिसाव्या पानावर ते मिळालं. साठ वर्षांपूर्वीचं निघालं. छापखान्यात, सूतगिरणीत लागायचं, असं खाली लिहिलं होतं.

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला तीन गोष्टी लेखी हव्या होत्या. मशीन कोणतं, किती जुनं, आणि आतली मोटार फॅक्टरीतून आली तशीच आहे की नंतर कुणी तारा भरल्या आहेत. तशीच असेल तर पूर्ण किंमत. हात लागलेला असेल तर निम्मी.

"मग लिही ना," काकू म्हणाल्या. "ह्यांनी कुणाचा हात लागू दिला नाही तिला. स्वतः पुसायचे, स्वतः तेल घालायचे. मी नुसता झाडू टेकवला तरी खेकसायचे."

"उघडून बघावं लागेल, काकू."

"उघडायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझी सही आहे ना खाली."

यावर काकू हसल्या. "अगदी बापावर गेलीस." आणि त्या उठून पायरीवर उन्हाला जाऊन बसल्या.

त्यांचं हे हसणं मोटारबाईला सकाळपासून टोचत होतं. वीस-एकवीस वर्षांत काकू या पायरीला शिवल्या नव्हत्या. आज आल्या आणि आल्या आल्या तिच्या गालावरून हात फिरवला, जणू काही झालंच नव्हतं. तिने स्वतः केलेल्या गोष्टीनंतर हा हात गालावर यावा, हे तिला पटत नव्हतं.

भांडण तिच्या बाबांचं आणि काकांचं. बाबा थोरले, काका धाकटे. काकांचा सफाईचा ठेका होता. सभागृहं, छापखाने, कचेऱ्या. धंदा वाढला, चार माणसं हाताखाली आली, आणि एकदा नातेवाइकांच्या भरल्या घोळक्यात काकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "दादाचं काय सांगता, जन्मभर तारा गुंडाळत बसला." लोक हसले. बाबांनी हातातलं ताट खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघाले. त्या दिवसापासून बोलणं बंद. काकांनी माफी मागितली नाही, बाबांनी विषय काढला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो दोघांच्याही अंगात पुरेपूर होता.

दहा वर्षं अशीच गेली आणि बाबांनी अंथरूण धरलं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर काका. हातात फडक्यात गुंडाळलेली मोटार, जळक्या वॉर्निशचा वास दारातूनच येत होता.

"दादा जागा आहे का?"

ती रात्रभर बाबांच्या उशाशी बसलेली होती. तिचं डोकं सणकलं. दहा वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही तो आज आला, आणि आला तो काम घेऊन. भाऊ मरणपंथाला लागलाय आणि ह्याला मोटार भरून हवी आहे.

"दुकान बंद आहे," ती म्हणाली. "दुसरीकडे न्या."

आणि तिने दार लावलं. तीन दिवसांनी बाबा गेले. काका आले होते, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि न भेटता निघून गेले.

ही हकिकत तिने नंतर अकरा वर्षं सांगितली. मावशीला, मामेभावांना, शेजारणीला, ज्याने विचारलं त्याला आणि न विचारणाऱ्यालाही. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती. शेवटी ती म्हणायची, "माणूस ओळखायचा तर असा," आणि ऐकणारे चुकचुकायचे. सहा महिन्यांपूर्वी काका गेले, तेव्हा ती गेली नाही. कळवलं नाही म्हणून, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

तिने चिमटे सोडवले. झाकण उचलून टेबलावर उलटं ठेवलं आणि ड्रममध्ये हात घातला. आत धुळीची कापडी पिशवी, आणि पिशवीखाली लाकडाचं एक बूच. मुठीएवढं, गुळगुळीत तासलेलं, कडेला चामड्याची पट्टी खिळे मारून बसवलेली. तिने ते पाइपच्या तोंडाला लावून पाहिलं. तोंडात ते असं घट्ट बसलं की केसही आत जाऊ नये.

"काकू, हे काय आहे?"

काकूंनी पायरीवरून मान वळवली. "ते होय. उंदीर शिरू नयेत म्हणून. आठवडाभर तासत बसले होते."

उंदरासाठी एवढं? चिंधी कोंबली असती तरी चाललं असतं. तिने बूच बाजूला ठेवलं आणि मोटारीचे स्क्रू काढायला घेतले.

वास आधी आला. जुना, बसलेला, पण ओळखता येणारा. मोटार जळकी होती. कॉइल काळ्या पडलेल्या, तारेवरचा मुलामा फुटलेला. बराच काळ जळून तशीच बसवून ठेवलेली. पण जळलेली असली तरी ती फॅक्टरीची नव्हती, हे तिला पहिल्या नजरेत दिसलं. फॅक्टरीच्या तारेवर त्या काळी सुताचं वेष्टण असायचं. ही साधी मुलाम्याची तार. आणि कॉइल दोऱ्याने बांधलेल्या होत्या. दर तिसऱ्या खाचेवर एक गाठ, गाठीचं टोक उलट फिरवून दोऱ्याखाली खुपसलेलं.

तशी गाठ एकच माणूस मारायचा. तिला ती शिकायला दोन पावसाळे लागले होते, आणि बाबा दर वेळी तिची गाठ नखाने उचकटून म्हणायचे, "निघाली. पुन्हा."

तिने मोटारीचं बाजूचं छोटं झाकण उलटं करून उजेडात धरलं. बाबांची एक सवय होती. मोटार भरली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पुढच्या मिस्त्रीला दिसते. बारीक, उजवीकडे झुकलेल्या आकड्यांत तिथे तारखा होत्या. एकाखाली एक. तिने मोजल्या, अकरा भरल्या.

पहिली तारीख भांडणानंतर चार महिन्यांची. शेवटची, बाबांनी अंथरूण धरलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली.

तिने पुन्हा वाचल्या. हे मशीन काकांनी जुनं विकत घेतलं ते भांडणाच्या सतरा वर्षं आधी. त्या सतरा वर्षांतली एकही तारीख नव्हती. म्हणजे सतरा वर्षं मोटार एकदाही जळली नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत अकरा वेळा भरावी लागली. जिला काका स्वतः पुसत, स्वतः तेल घालत, बायकोला झाडूही टेकवू देत नसत.

तिची नजर टेबलावरच्या बुचावर गेली. अशा मशीनमध्ये पाइपातून ओढलेली हवाच मोटारीला गार ठेवते. तोंड घट्ट बंद करून मशीन चालू ठेवलं तर अर्ध्या-पाऊण तासात मोटार लाल होते आणि मग जळते. मशीन चालवणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच, की तोंड कधी बंद होऊ देऊ नको.

ती खाली बसली. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असायचं, आणि त्या बंदच्या दिवशीही बाबा अधूनमधून किल्ल्या घेऊन निघायचे. "उरलेलं काम आहे." आणि जाताना दारातून म्हणायचे, "आज डबा जरा वाढीव दे." ती वाढीव द्यायची. डबा रिकामा परत यायचा. वय झाल्यावर भूक वाढते काहींची, असं तिला वाटायचं.

दोघं इथे बसून काय बोलले असतील? कदाचित काहीच नाही. कोणती तार, किती वेढे, पान्ह्याचा डबा इकडे सरकव. एवढ्यावर दोन भाऊ एक अख्खा दिवस काढू शकतात. आणि शेवटच्या आठवड्यात काका दारात उभे होते, फडक्यात मोटार गुंडाळून.

तिला रडू आलं नाही. बाहेर काकू पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. पाठमोऱ्या.

तिने खणातून पॉलिश पेपर काढला. पाच मिनिटांचं काम होतं. झाकण घासून लख्ख करायचं, दोऱ्याच्या गाठी कापून टाकायच्या, कागदावर लिहायचं, मोटार मूळची, जळालेली. काकूंना पूर्ण किंमत मिळेल. तिची हकिकतही आहे तशी राहील, आणि जगात कुणालाही काही कळणार नाही. तिने पेपर दुमडून पहिल्या तारखेवर ठेवला आणि एकदा घासला.

आकड्याची कड चमकली. बाबांचा एक, थोडा उजवीकडे झुकलेला.

तिने पेपर खणात परत टाकला.

"काकू, जरा आत या."

काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. तिने झाकण त्यांच्या हातात दिलं, चष्मा दिला, आणि काय आहे ते सांगितलं. गाठीचं, तारखांचं, सतरा वर्षांचं. काकू बोट ठेवून एकेक तारीख वाचत गेल्या. वाचताना ओठ हलत होते.

"पण जळली कधी?" त्या म्हणाल्या. "मला तर माहीतच नाही जळल्याचं."

"मोटार इतक्यांदा जळत नाही, काकू. जाळावी लागते."

तिने बूच उचलून पाइपच्या तोंडाला लावलं. आणखी काही सांगावं लागलं नाही. काकू बुचाकडे बघत राहिल्या, मग त्यांचा चेहरा एकदम तांबडा झाला.

"उंदीर!" त्या म्हणाल्या. "मला म्हणे उंदीर! अगं, एवढा बाप्या माणूस, 'दादा, चुकलं' म्हणायला काय जीभ झडत होती? धडधाकट मशीन जाळायचं, पण तोंड उघडायचं नाही!" आणि बोलता बोलता त्या हसायला लागल्या, हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ तो काढला नाही.

"सुट्टीच्या दिवशी जायचे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "मोठं काम आलंय म्हणायचे. सकाळी निघून संध्याकाळी यायचे, आणि आल्यावर जेवायचे नाहीत. भूक नाही म्हणायचे."

मोटारबाईने मान हलवली. डब्याचं तिने सांगितलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. व्यापाऱ्याचा होता.

"झालं का बाई लिहून? मूळची आहे ना?"

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराआडूनच हाताने खूण केली, सांगून टाक.

"मशीन तुम्ही म्हणता तेच आहे. साठ वर्षांचं. मोटार मूळची नाही. अकरा वेळा भरलेली आहे."

"अकरा?" पलीकडचा माणूस म्हणाला. "मग मोटारीतच काही खोट असणार."

"मोटारीत खोट नाही."

"ते असो. निम्म्यात घेईन. विचारा त्यांना."

काकूंनी मान डोलावली. "घेऊन जा म्हणावं. लेकाकडे राहायला चाललेय, तिथे ठेवू कुठे? फक्त ते छोटं झाकण मी ठेवून घेते. त्याला म्हणावं, दुसरं बसव."

व्यापाऱ्याने थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. मग ती लिहायला बसली. मशीनचा प्रकार, नंबर, अंदाजे वय, मोटारीची अवस्था. तिने 'नंतर भरलेली' असं लिहिलं, आणि कुणी भरली त्या रकान्यात वडिलांचं पूर्ण नाव. अशा कागदावर ते पुष्कळ वर्षांत लिहिलं नव्हतं. सही केली, शिक्का मारला, कागद काकूंना दिला.

काकूंनी तो दोन घड्या घालून पिशवीत ठेवला. झाकण फडक्यात गुंडाळलं. निघायची सगळी तयारी झाली तरी त्या स्टुलावरून उठल्या नाहीत.

"शेवटचं मात्र मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "थोरले भाऊजी आजारी पडले तेव्हाचं. मोटार फडक्यात बांधून निघाले. मी म्हटलं, अहो, आजारी माणसाकडे जाताना हे काय लोढणं? तर म्हणाले, रिकाम्या हाताने कसा जाऊ. तेव्हा मला वेड्यासारखं वाटलं ते बोलणं."

मोटारबाई टेबलावरचे स्क्रू एका डबीत भरत होती.

"सकाळी दहाला गेले. आले ते दिवेलागणीला. मोटार तशीच हातात. म्हटलं, भेट झाली का? म्हणाले, दादाला नुकती झोप लागली होती, उठवलं नाही. पण पोरीनं बसवून घेतलं, म्हणाले. चहा केला, दिवसभर जाऊ दिलं नाही. फार गुणाची आहे पोर." काकूंनी तिच्याकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते. "एवढी भांडणं, तरी तू तेवढं केलंस. मी ते कधी विसरले नाही गं. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, हे मशीन उघडायची वेळ आलीच तर तुझ्याकडेच आणायचं."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मोटारबाईने डबीचं झाकण लावलं. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. सांगणारा गेला होता, आणि त्याने सांगितलेलं काकूंना पुरत होतं.

"काकू," ती म्हणाली. "मी चहा केला नव्हता."

काकूंना कळलं नाही. त्या हसऱ्याच चेहऱ्याने थांबल्या.

"मी त्यांना आत घेतलं नाही. दुकान बंद आहे म्हटलं आणि दार लावलं. बाबा जागे होते."

काकूंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, ती वाट बघत होती. पण काकू रागावल्या नाहीत. मांडीवरच्या फडक्यातल्या झाकणावर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि काहीतरी हिशोब जुळवत असल्यासारख्या दाराबाहेर बघत बसल्या.

"मग दिवेलागणीपर्यंत ते होते कुठे?" त्यांनी विचारलं.